‘सर्वानुमते मंजूर’ म्हणजे नेमकं कुणाच्या मते?

नागपुरात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर लग्नात सरबताच्या पिंपात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जाणाऱ्या या गावात माझी लेक फिगर स्केटिंग करते म्हटलं, की समोरचा आधी हसतो. मग मला खुलासा करावा लागतो, की बाबा रे, बर्फावरचं नाही, चाकांवरचं. त्याला आर्टिस्टिक स्केटिंग म्हणतात. बुटाखाली पुढं दोन आणि मागं दोन चाकं, टोकाला रबरी ब्रेक, आणि खाली गुळगुळीत फरशी. गिरकी, उडी, एका पायावरचा तोल, सगळं बर्फावरच्यासारखंच. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामानं याच प्रकारात भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. एक एकेरीत, आणि दुसरं अवनी पांचाळसोबत जोडीत. टीव्हीवर ते फारसं कुणी पाहिलं नसेल. आमच्या घरात मात्र तो व्हिडिओ पाठ आहे.

पण आज मला लेकीच्या गिरक्यांबद्दल लिहायचं नाही. मला लिहायचंय एका सभेबद्दल. स्केटिंगच्या जिल्हा पातळीवरच्या एका संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेबद्दल. संघटनेचं नाव मी लिहीत नाही. एक कारण असं, की तिथं जे दिसलं ते तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही खेळाच्या संघटनेत तुम्हाला दिसेल. दुसरं कारण सरळ आहे. लेकीला अजून काही वर्षं खेळायचंय.

दुसऱ्या कारणासाठीच हा सगळा लेख लिहायला घेतला आहे.

आधी रचना समजून घ्या, कारण बहुतेक पालकांना ती माहीत नसते. मलाही नव्हती. मूल क्लबात शिकतं. क्लब जिल्हा संघटनेचा सभासद असतो. जिल्हा संघटना राज्य संघटनेची, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाची आणि महासंघ ‘वर्ल्ड स्केट’ या जागतिक संघटनेचा. मूल या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर असतं, आणि पालक तर शिडीवरच नसतो. तो शिडीच्या बाजूला पाण्याची बाटली आणि बूट घेऊन उभा असतो. मुलाला जिल्ह्यातून राज्य स्पर्धेला कोण पाठवणार, हे जिल्हा संघटना ठरवते. त्या स्पर्धेचं जे प्रमाणपत्र मिळतं ते दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी लागतं. पुढं नशीब आणि मेहनत जुळून आली तर शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठीही लागतं. आणि प्रमाणपत्राची पडताळणी करताना शासन पहिला प्रश्न विचारतं, की देणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का? म्हणजे कुणाच्या तरी सहीवर पोराचं वर्ष, कधी कधी आयुष्य अडकलेलं असतं. ती सही कुणी करायची, हे वार्षिक सभेत ठरतं.

आणि त्या सभेला कुणी जात नाही.

मी गेलो तेही अपघातानं. आमच्या क्लबच्या प्रशिक्षकांची त्या रविवारी सकाळची बॅच होती. ते म्हणाले, “सर, तुम्हीच जा ना क्लबतर्फे. पत्र देतो. सही करायची, चहा प्यायचा, यायचं.” क्लबच्या लेटरहेडवर माझं नाव लिहून त्यांनी शिक्का मारून दिला. तो कागद खिशात घेऊन मी गेलो.

वेळ सकाळी अकराची. एका शाळेचा वरच्या मजल्यावरचा वर्ग. नोंदवहीत सत्तावीस क्लब, हजर नऊ. सचिवांनी घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, “गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे.” मग तर्री-पोहे आले. चहा आला. अर्ध्या तासानं त्याच खुर्च्यांवर तीच नऊ माणसं पुन्हा बसली आणि सभा कायदेशीर झाली, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, असं नोटिशीतच छापलेलं होतं. मला वाटलं आज काहीतरी अडचण झाली असेल. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “दरवर्षी अशीच होते.”

विषय क्रमांक एक: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. सचिवांनी विचारलं, “वाचलेलं समजायचं का?” कुणीतरी म्हणालं, “समजलं, समजलं.” सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सर्वानुमते मंजूर. विषय दोन, वार्षिक अहवाल. सर्वानुमते मंजूर. विषय तीन, जमाखर्च. एक छापील पान हातोहात फिरलं. माझ्यापर्यंत यायच्या आत सूचक-अनुमोदकही ठरून गेले होते.

मी हात वर केला.

हात वर करताना मला शाळेतल्या पोरासारखं वाटलं, हे कबूल करतो. पन्नाशीला आलेला माणूस, नोकरीत दोनशे जणांसमोर बोलतो, पण त्या वर्गात घसा कोरडा पडला. कारण समोर बसलेल्या माणसांच्या हातात माझ्या लेकीचं नाव होतं.

माझे प्रश्न तीन. पहिला: खर्चाच्या बाजूला ‘स्पर्धा व इतर’ अशी एकच ओळ आहे आणि एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त रक्कम त्या ओळीत आहे. त्याचा तपशील मिळेल का? पोरांकडून दर स्पर्धेला प्रवेश शुल्क घेतलं जातं, ते कुठं गेलं, एवढंच कळू द्या. दुसरा: आर्टिस्टिक प्रकारात राज्य स्पर्धेचा संघ निवडला गेला, त्याची निवड चाचणी कधी झाली? तिसरा: मागच्या स्पर्धेत माझ्या लेकीला हजेरीच्या टेबलावर सांगण्यात आलं, की पूर्ण बाह्या, खाली लेगिंग आणि डोक्याला बांधलेला रुमाल ‘चालत नाही’. हा नियम कोणत्या पुस्तकात आहे? मला तो वाचायचाय.

तिन्हींची उत्तरं मिळाली. पहिल्याचं, “तपशील पुढच्या सभेत देऊ.” दुसऱ्याचं, “वेळ नव्हता, वरून घाई होती.” तिसऱ्याचं, “नियम आहे.” मी म्हटलं, दाखवा. नियमावली कुणाकडेच नव्हती. तेव्हा अध्यक्षांनी मला विचारलं, “सर, तुम्ही क्लबचे नेमके कोण?”

“पालक.”

“म्हणजे मेंबर नाही.”

मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. घरात आम्ही उर्दूमिश्रित हिंदी बोलतो, पण कागदाच्या भांडणात माझी जीभ मराठीतच चालते. मी लेखी ठराव मांडला: निवड चाचणीची तारीख आणि निकष सर्व क्लबांना किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवावेत, आणि चाचणीचे गुण त्याच दिवशी फलकावर लावावेत. एवढाच. पैशाचा नाही, पदाचा नाही.

“अनुमोदक?” अध्यक्षांनी विचारलं.

खोलीत शांतता. प्रत्येकाला त्या क्षणी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं. ज्यांची पोरं माझ्या लेकीसोबत चाचणीशिवाय डावलली गेली होती, त्यांचे प्रशिक्षकही खाली पाहत होते. अनुमोदक नसला की ठराव पडतो, आणि पडलेला ठराव इतिवृत्तात येतही नाही. मी बोललोच नव्हतो, असं झालं असतं.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, “मी अनुमोदन देते.” ट्रॅकसूट घातलेल्या एक प्रशिक्षक बाई. त्या वर्गातली एकुलती एक स्त्री. मी त्यांना ओळखत नव्हतो, त्या मला ओळखत नव्हत्या. त्यांच्या क्लबातली पोरं आमच्या पोरांची प्रतिस्पर्धी.

ठराव मंजूर झाला असं समजू नका. ‘कार्यकारिणीकडे विचारार्थ पाठवण्यात यावा’ असं ठरलं. पण तो लिहिला गेला. सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव. आता तो पुढच्या वर्षी ‘वाचलेला समजून’ कायम करावा लागेल, आणि तेव्हा त्याचं काय झालं हे मी विचारू शकतो.

जिन्यात एका पदाधिकाऱ्यांनी मला गाठलं. खांद्यावर हात ठेवून अगदी आपुलकीनं म्हणाले, “सर, तुमची मुलगी चांगली खेळते. तिचं नुकसान व्हावं असं आम्हाला वाटतं का? पण हे असं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं.”

रात्री जेवताना लेकीनं विचारलं, “अब्बू, माझं नाव काढतील का?”

मला उत्तर देता आलं नाही.

तर मुद्दा असा आहे. आपल्याकडच्या क्रीडा संघटना हुकूमशाहीनं चालतात असं आपण म्हणतो. ते खरं नाही. त्या ठरावांनी चालतात. नियमाप्रमाणे नोटीस निघते, सभा होते, सूचक-अनुमोदक असतात. फक्त सत्तावीसपैकी अठरा खुर्च्या रिकाम्या असतात, आणि रिकामी खुर्ची इतिवृत्तात ‘सर्वानुमते’मध्ये धरली जाते. आणि ज्या थोड्या खुर्च्या भरलेल्या असतात, त्यांवर बसलेल्यांची पोरं ओलीस असतात. हा कारभार अनुपस्थिती आणि भीती या दोनच गोष्टींवर चालतो, त्याला गुंड लागत नाहीत.

“खेळात राजकारण नको” असं म्हणून सभेपासून लांब राहणाऱ्या सज्जनांना मला खेळाचाच इतिहास सांगायचाय. बर्फावरच्या स्केटिंगची जागतिक संघटना आयएसयू. १८९२ साली नेदरलँड्समधल्या शेवेनिंगेनला स्थापन झाली. १९०२ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स नावाची बाई पुरुषांमध्ये उतरली, कारण बायकांना बंदी असल्याचं नियमात कुठंच लिहिलेलं नव्हतं. ती दुसरी आली. मग पुढच्या वर्षी संघटनेची परिषद भरली आणि बायकांना बंदी घातली गेली. त्या बाईला बर्फावर हरवून बाहेर काढलेलं नाही, सभेत काढलं. १९०६ साली बायकांसाठी वेगळी स्पर्धा सुरू झाली, ती सायर्सनं जिंकली, आणि १९०८ च्या ऑलिंपिकचं सुवर्णही नेलं. पण मधली वर्षं एका ठरावानं खाल्ली, ती कुणी परत दिली नाहीत.

पुढचं ऐका. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात पंचांच्या गुणांवरून इतका गदारोळ झाला, की शेवटी कॅनडाच्या जोडीलाही दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. त्यातून २००४ च्या परिषदेत गुण देण्याची पद्धतच बदलली. पण कोणत्या पंचानं किती गुण दिले हे लपवून ठेवण्याची सोयही त्या काळात करून घेतली गेली. ती काढायला २०१६ उजाडलं. दुब्रोव्हनिकच्या परिषदेत मतदान झालं आणि पंचांची नावं पुन्हा गुणांसमोर आली. २०२२ मध्ये बीजिंगला पंधरा वर्षांची कमिला वालिएवा उत्तेजकाच्या प्रकरणाचं ओझं घेऊन बर्फावर उतरली, पडली, रडली, सगळ्या जगानं पाहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये फुकेतच्या परिषदेनं वरिष्ठ गटाचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्यानं सतरावर नेलं. पोरगी पडली तेव्हा टाळ्या नि अश्रू आपण पाहतो. तिच्या वयाचा नियम कुणी हात वर करून ठरवला, ते पाहायला कुणी नसतं.

आणि माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे. अबूधाबीची झहरा लारी २०१२ साली इटलीतल्या कानाझेईला युरोपियन कपमध्ये हिजाब घालून उतरली आणि त्यापायी तिचा गुण कापला गेला. आपल्याकडे अशा वेळी दोन गोष्टी होतात. एक, पोरीला घरी बसवतात. दोन, फेसबुकवर चार दिवस संताप होतो आणि मग पोरीला घरी बसवतात. लारीनं तिसरी गोष्ट केली. ती नियम करणाऱ्यांसमोर गेली आणि आपली बाजू मांडली. पुढं संयुक्त अरब अमिरात आयएसयूचा सभासद झाला, आणि डोक्यावरच्या त्या कापडापायी गुण कापणं बंद झालं. म्हणून जिल्ह्याच्या टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकानं ‘चालत नाही’ म्हटलं, तेव्हा मी लेकीला घेऊन घरी आलो नाही. नियम दाखवा म्हणालो. कारण पुष्कळदा तो नियम नसतोच, टेबलावरच्या माणसाची सवय असते. लेकीनं रुमाल बांधायचा की नाही हा तिचा प्रश्न. पण तो तिनं ठरवायचा, टेबलावरच्या माणसानं नाही. आणि मोहल्ल्यातल्या माणसानंही नाही, तिकडे नंतर येतोच.

नागपूरकराला हे सांगावं लागतं याचंच मला नवल वाटतं. १९८३ ची ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. लॉर्ड्सवर भारत अंतिम सामन्यात पोहोचला, तेव्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे एन. के. पी. साळवे होते. त्यांनी जादा पास मागितले, मिळाले नाहीत. साळवे चिडले, पण नुसते चिडून बसले नाहीत. पाकिस्तानच्या नूर खान यांना बरोबर घेतलं, मतं जमवली, आणि १९८७ चा विश्वचषक आंतरराष्ट्रीय सभेत मतदानानं इंग्लंडबाहेर आणला. म्हणून ३१ ऑक्टोबर १९८७ ला आपल्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक झाली आणि सुनील गावस्करचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतकही झालं. आपले वडीलधारे ते शतक आजही सांगतात. त्यामागची सभा कुणी सांगत नाही. आणि आपल्या ब्लॉगच्या वाचकांसाठी एवढं जोडतो, की साळवे मराठी ख्रिस्ती घरातले. संख्येनं आपल्याहूनही थोड्या समाजातला माणूस. ‘आपलं कोण ऐकतो’ असं म्हणून ते घरी बसले असते, तर?

उलट उदाहरणही विदर्भातलंच आहे. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांची मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली, निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन फिफानं भारतालाच निलंबित केलं. अकरा-बारा दिवसांत निलंबन उठलं, वर्तमानपत्रांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण त्याच दिवसांत गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. निवडणूक वेळेवर न घेणाऱ्या एकाही माणसाचं विमान चुकलं नाही. २०२३ मध्ये कुस्तीचं तेच झालं. महासंघाची निवडणूक वेळेत न झाल्यानं जागतिक संघटनेनं निलंबन केलं, आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याशिवाय, तटस्थ म्हणून उतरले.

सरकारनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यात किमान ४ स्त्रिया आणि किमान २ नामवंत खेळाडू हवेत, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण दिल्लीचा कायदा नागपूरच्या शाळेतल्या वरच्या मजल्यावर आपोआप चढत नाही. त्या वर्गात नऊ माणसांत एक बाई होती आणि खेळाडू शून्य. कायदा खुर्ची राखून ठेवू शकतो, त्यावर कुणाला आणून बसवू शकत नाही.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. इतर वाचकांनीही ऐकायला हरकत नाही.

त्या सभेत मला कुणी मुसलमान म्हणून अडवलं नाही. जे झालं ते कुठल्याही पालकाला झालं असतं, माझ्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या देशमुख-वानखेडेंनाही झालंय. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण प्रत्येक अन्यायावर आपलं नाव लिहायची सवय आपल्याला घातक आहे. पण हेही खरं, की सत्तावीस क्लबांच्या त्या यादीत कुठल्याही क्लबचं प्रतिनिधित्व करणारा मुसलमान मी एकटा होतो. पोरं मात्र आपली पुष्कळ आहेत. रिंकवर सकाळी सहाला बुरख्यातल्या आया पोरांना घेऊन येतात, मी रोज पाहतो. पोरं खेळतात, आपण सभेत नसतो.

आपल्याला या शहरात सभेला बोलावतात ते कधी? सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात, शांतता समितीच्या बैठकीला. त्याचं निमंत्रण घरपोच येतं. पहिल्या रांगेत बसवतात, चहा देतात, फोटो काढतात. वर्षभर शहराच्या कुठल्याही कारभारात ज्याचं मत लागत नाही, त्याची दंगलीच्या भीतीनं मात्र आठवण होते. आणि आपल्यातल्या काहींना त्या फोटोचीच इतकी चटक लागली आहे, की दुसऱ्या कुठल्या सभेला जावं असं त्यांना वाटत नाही. शाळेची व्यवस्थापन समिती, क्रीडा संघटना, ग्रंथालय, सहकारी पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, या सगळ्यांच्या वार्षिक सभा होतात. तिथं सभासद व्हायला कुणी अडवलेलं नसतं. वर्गणी भरा, पावती घ्या, जा.

आणि आपल्या स्वतःच्या संस्था? त्या सभेनंतरच्या जुम्याला मी नमाजनंतर मस्जिदीच्या दाराशी थांबलो. दाराजवळच्या फळ्यावर मागच्या जुम्याचा चंदा खडूनं लिहिलेला असतो, रुपयापर्यंत. मला त्या फळ्याचा अभिमान वाटतो. कितीतरी मोठ्या संस्था एवढंही करत नाहीत. पण त्या दिवशी मी कमिटीतल्या एका बुजुर्गांना अदबीनं विचारलं, की चाचा, ही कमिटी शेवटची कधी निवडली गेली? आणि वर्षाचा हिशेब कुठं पाहायला मिळेल?

चाचांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “बेटा, बात तो सही है. मगर सबके सामने नहीं पूछना था.”

तोच हात आणि तेच वाक्य, फक्त भाषा वेगळी.

२०२५ साली वक्फ दुरुस्ती कायद्याविरुद्ध आपण बोललो, काळ्या फिती लावल्या. लावायलाच हव्या होत्या. पण मुतवल्लीनं दरवर्षी हिशेब वक्फ मंडळाला द्यायचा, हे १९९५ पासून कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या मुतवल्लीनं तो दिला का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? ज्या घरात मालक हिशेब विचारत नाही, त्या घरात सरकार शिरतं आणि म्हणतं, मीच विचारतो. मशवरा आपल्याला कुणी नव्यानं शिकवायचा नाही. कुराणातल्या बेचाळिसाव्या सुरेचं नावच ‘शूरा’ आहे. आणि कुराणातली सगळ्यात लांब आयत नमाजाची नाही, रोज्याचीही नाही. ती देणं-घेणं लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार करण्याबद्दल आहे. ज्या उम्मतच्या किताबात सगळ्यात लांब आयत हिशेबाची आहे, तिला ‘स्पर्धा व इतर’ ही ओळ पचायला नको होती. ना संघटनेत, ना मस्जिदीत.

मोहल्ल्यातही माझ्या लेकीबद्दल ठराव होतात, फक्त ते लिहिले जात नाहीत. “तेरा साल की हो गई, अब बस करो” असं मला तीन जणांनी सांगितलंय. तिथंही ती हजर नसते. तिच्या बाह्या कमी लांब हव्यात असं एक टेबल म्हणतं, तिनं फरशीवर उतरूच नये असं दुसरं टेबल म्हणतं. दोन्ही टेबलांवर एकही मुलगी नाही.

काहीजण म्हणतील, संघटनेचे लोक फुकट राबतात, त्यांना कशाला छळता? खरं आहे. त्याच सचिवांना मी पहाटे पाच वाजता खडूनं रिंगणं आखताना पाहिलंय. पावसाळ्यात फरशीवरचं पाणी झाडूनं काढताना पाहिलंय. त्यांचे उपकार आहेत. पण उपकार आणि हिशेब ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली शिल्लक दाखवून दुसरं खातं बंद करता येत नाही. उलट ज्याचे हात स्वच्छ आहेत, त्याला तपशिलाची ओळ लिहायला काय जड जातं?

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. तुमचं पोर जो खेळ खेळतं, त्या खेळाची जिल्हा संघटना कोणती ते शोधा. क्लबला विचारा, की आपण सभासद आहोत का, आपलं मत कोण देतं? ती संघटना संस्था म्हणून नोंदलेली असेल तर तिची नोंद धर्मादाय कार्यालयात असते. पदाधिकारी बदलले तर ९० दिवसांत तिथं बदल कळवावा लागतो, हिशेब तपासून घ्यावे लागतात. नागपूरला ते कार्यालय आहे, अर्ज करून कागद पाहता येतात. सभेची नोटीस मागा. घटना मागा. मागच्या वर्षीचं इतिवृत्त ‘वाचलेलं समजू’ नका, वाचायला लावा. प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. आणि एकटे जाऊ नका. कारण ठरावाला दोन माणसं लागतात, मांडायला एक आणि अनुमोदनाला एक. ओलीस ठेवलेल्या एका पालकाला घाबरवणं सोपं आहे. वीस पालक एका ओळीत बसले, तर कुणाकुणाच्या पोराचं नाव काढणार?

त्या प्रशिक्षक बाईंना मी दुसऱ्या दिवशी रिंकवर भेटलो. आभार मानायला लागलो तर त्या म्हणाल्या, “मी सहा वर्षं येतेय सभेला. दरवर्षी वाटायचं, कुणीतरी काहीतरी मांडावं. मांडणारं कुणी नव्हतं, म्हणून अनुमोदन कशाला देणार?”

लेकीचं नाव यादीत येतं की नाही, ते मला अजून माहीत नाही. तिला मी खरं तेच सांगितलं, की येईल किंवा येणार नाही, पण नाही आलं तर का नाही आलं ते लेखी मागू. ती थोडा वेळ गप्प बसली, मग बुटांची चाकं पुसत म्हणाली, “पुढच्या वर्षी मी पण येऊ का सभेला?”

तिला न्यायचं ठरवलंय. मताधिकार तिला नाही, मलाही तो पत्रापुरताच आहे. पण खोलीत शेवटी एक खेळाडू तरी असेल.